ओझरहून फेरी मागण्याआधी आसनं मोजा

नाशिकच्या ओझर विमानतळासाठी नवी विमानसेवा मागताना ‘रोज दोन फेऱ्या द्या’ एवढ्यावर भागत नाही. आठवड्याला एका दिशेने किती आसनं मिळतात, हा आकडा हाताशी हवा. तो काढायचा सराव कॅरिबियन बेटांच्या मार्गांवर चांगला होतो, कारण आपल्याला ओळखीचं एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान तिथेही उडतं.

आधी वेळापत्रकातले वार बघा. ‘१.३.५.७’ म्हणजे सोम, बुध, शुक्र, रवि, म्हणजेच आठवड्याला चार फेऱ्या. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. दोन्हींतला एकेक आठवडा घ्या. कॅरिबियनमध्ये पर्यटकांची गर्दी डिसेंबर ते एप्रिल असते, त्यामुळे एकट्या जानेवारीवरून काढलेला अंदाज हमखास फसतो.

मग आसनं. नुसतं मॉडेल बघून आकडा भरू नका. इंडिगोच्या एटीआर ७२ मध्ये ७८ आसनं असतात, कॅरिबियन एअरलाइन्सच्या त्याच विमानात ६८. रोजची एक फेरी धरली तरी आठवड्याला ७० आसनांचा फरक पडतो. कोडशेअरही, म्हणजे एकाच विमानाची तिकिटं दोन कंपन्या आपापल्या क्रमांकाने विकतात का, तेही तपासा: मार्ग आणि सुटायची वेळ तंतोतंत जुळली, तर बहुधा विमान एकच आणि फ्लाइट क्रमांक दोन.

सगळ्यात जास्त घोळ थांबे घेणाऱ्या फेऱ्यांत होतो. ४८ आसनांचं एटीआर ४२ अँटिग्वाहून डॉमिनिकामार्गे बार्बाडोसला जातं असं समजा. तिन्ही जोड्यांना (अँटिग्वा-डॉमिनिका, डॉमिनिका-बार्बाडोस, अँटिग्वा-बार्बाडोस) ४८-४८ धरले की १४४ होतात, पण विमानात खुर्च्या ४८च. अँटिग्वाहून थेट बार्बाडोसचे ३० प्रवासी बसले, तर डॉमिनिकाला चढणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी १८च उरतात. म्हणून प्रत्येक टप्पा वेगळा मांडा.

धावपट्टीही बघाच. सबा बेटावर ती जेमतेम ४०० मीटर, त्यामुळे तिथे १९ आसनी ट्विन ऑटर चालतं; मागणी वाढली तर फेऱ्याच वाढवाव्या लागतात. ओझरची धावपट्टी सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे कंपनी दोन एटीआरऐवजी १८० आसनांचं एक ए३२० सहज लावू शकते. कागदावर १५६ ची १८० आसनं होतात, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची सोय जाते. कामासाठी जाणाऱ्या नाशिककरांनी दोन छोट्या विमानांचाच आग्रह धरावा.

आता स्पर्धा. एका कंपनीचं रोज एक एटीआर (५४६ आसनं), दुसरीचं रोज एक ए३२० (१२६०). फेऱ्या समसमान, पण आसनांचा वाटा साधारण ३० आणि ७० टक्के. वाट्यांचे वर्ग करून बेरीज करा: ९०० + ४९०० = ५८००. बरोबरीच्या दोन कंपन्या असत्या तर ५०००, एकटीच असती तर १००००. बेरीज जितकी मोठी, तितकी स्पर्धा कमी.

शेजारी आणखी एक रकाना ठेवा: मोठी कंपनी गेली तर किती आसनं उरतील? इथे ५४६. कॅरिबियन बेटांना जोडणारी लिआट १९७४ ही विमान कंपनी २०२० मध्ये डबघाईला आली, तेव्हा पूर्व कॅरिबियनमधल्या छोट्या बेटांच्या आपसातल्या फेऱ्या एकदम आटल्या. आपल्याला निदान कसारा घाट उतरून मुंबईचं विमान गाठता येतं. म्हणूनच ओझरच्या भाड्याची तुलना करताना मुंबईच्या तिकिटात तिथवरचा गाडीखर्च आणि जाण्यायेण्याचे तासही धरा.