मोठ्या कामाचा प्लॅन आउटलायनरमध्ये नीट कसा लावायचा

मोठं काम अंगावर आलं की बहुतेक जण एक यादी करतात, वरून खाली चाळीस-पन्नास ओळी, त्यात हॉल बघणे, त्याच्या खाली फीडबॅक फॉर्म, त्याच्या खाली पैशांचं बघणे, आणि आठवड्याभराने ती यादी उघडली की काय झालंय, काय राहिलंय आणि काय लिहायचंच विसरलोय यातलं काहीच कळत नाही. मीही बरीच वर्षं असंच करायचो. मग आउटलायनर वापरायला लागलो तरी सुरुवातीला काही फरक पडला नाही, कारण यादी तीच होती, काही ओळी आत सरकवल्या होत्या एवढंच. फरक पडला तो मुद्दे कुठल्या नियमाने फोडायचे हे ठरवल्यावर. तेच इथे सांगतोय, आणि कुठलं सॉफ्टवेअर त्यात कशी मदत करतं तेही.

आधी सॉफ्टवेअरचं उरकून घेऊ. आउटलायनर म्हणजे असा एडिटर ज्यात प्रत्येक ओळीच्या पोटात अजून ओळी असू शकतात, आणि पोटातलं सगळं मिटवता येतं, उघडता येतं, आणि मुद्दा उचलला की पोटातल्यांसकट सरकतो. कल्पना जुनी आहे, ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोत जो प्रसिद्ध डेमो दिला त्यात त्याने खरेदीची साधी यादी गटागटात लावून स्क्रीनवर मिटवून-उघडून दाखवली होती. आज वर्कफ्लोई, डायनालिस्ट, लॉगसेक यांपैकी काहीही घ्या, टॅब दाबला की ओळ आत जाते, शिफ्ट-टॅब दाबला की बाहेर येते, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. ईमॅक्स वापरणारे असाल तर ऑर्ग-मोड आहेच, आणि मुद्द्यांचं झाड, म्हणजे एकातून फुटलेल्या फांद्या, डोळ्यांनी पसरलेलं बघायला आवडत असेल तर फ्रीप्लेन फुकट मिळतं. आणि नवीन काहीच शिकायचं नसेल तर वर्डमधला आउटलाइन व्ह्यू घ्या, हेडिंगवर कर्सर ठेवून ऑल्ट-शिफ्ट आणि बाण दाबले की हेडिंग वर-खाली सरकतं, लेव्हल बदलते, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. यातलं कुठलं घ्यायचं यावर दोन दिवस घालवू नका, अर्ध्या तासात एक निवडा आणि लागा कामाला.

आता खरा मुद्दा. उदाहरण घेतो दोन दिवसांच्या फोटोग्राफी वर्कशॉपचं, कारण तिथेच मी सगळ्यात जास्त शिकलो. माझा पहिला प्लॅन वरच्या लेव्हलला असा होता:

वर्कशॉप
– जागा
– छपाई
– पहिला दिवस
– समारोप
– माझी कामं
– पैसे

बघताना ठीक वाटतं ना? पण नीट बघा, जागा आणि पैसे हे विषय आहेत, छपाई हा कामाचा प्रकार आहे, पहिला दिवस आणि समारोप ही वेळ आहे, माझी कामं म्हणजे माणूस. एकाच लेव्हलला चार वेगवेगळ्या तऱ्हेने कापलंय. त्यामुळे सर्टिफिकेट कुठे जाणार? छपाईतही जाऊ शकतं, समारोपातही जाऊ शकतं. छपाई बघणाऱ्याला वाटलं ते समारोपवाल्यांकडे आहे, समारोप बघणाऱ्यांना वाटलं छापायचंय म्हणजे छपाईत असणारच, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे सर्टिफिकेटसाठी उभे आणि आमच्याकडे एकही नाही. कोणी आळस केला नव्हता. प्लॅनमध्ये त्या कामाला हक्काची जागाच नव्हती.

तर पहिला नियम, एका मुद्द्याच्या पोटातले सगळे मुद्दे एकाच प्रश्नाचं उत्तर असले पाहिजेत. तो प्रश्न मी आजही मुद्द्याच्या नोटमध्ये लिहून ठेवतो, वर्कफ्लोईत मुद्द्यावर शिफ्ट-एंटर दाबलं की खाली नोट लिहिता येते, तिथे एक ओळ: "या कामातून शेवटी काय काय तयार व्हायला हवं?" हा प्रश्न वरच्या लेव्हलला जवळजवळ नेहमी चालतो. मग तेच वर्कशॉप असं होतं:

वर्कशॉप
१ जागा
२ सेशन
३ सहभागी
४ साहित्य
५ हिशोब

सर्टिफिकेट आता सहभागींमध्ये, नोंदणी आणि कळवाकळवीच्या शेजारी, कारण ते त्यांना मिळणार आहे. पोस्टरही तिथेच, कारण त्यातून सहभागी येतात. खालच्या लेव्हलला प्रश्न बदलला तरी चालेल, सेशनच्या पोटात "कुठलं कुठलं सेशन?", एका सेशनच्या पोटात "ते उभं राहायला काय काय लागतं?", पण एका घरात एकच प्रश्न. आणि वेळ, माणूस, प्रकार यांचं काय करायचं? त्यांना टॅग लावायचे. सर्टिफिकेट समोर #छपाई, पोस्टर समोर #छपाई, आणि छपाईवाल्याकडे जायच्या दिवशी टॅगवर क्लिक केलं की अख्ख्या प्लॅनमधून छापायच्या तेवढ्याच गोष्टी गोळा होऊन समोर येतात. यासाठीच तर सॉफ्टवेअर हवं, कागदावर एक काम एकाच ठिकाणी लिहून चार बाजूंनी बघता येत नाही.

कधीकधी खरंच एक मुद्दा दोन ठिकाणी हवा असतो, म्हणजे प्रोजेक्टर साहित्यातही हवा आणि जागेच्या तपासणीतही. तेव्हा कॉपी-पेस्ट करू नका, हे कळकळीने सांगतोय, कारण दोन कॉप्यांपैकी एकीवर टिक होते आणि दुसरी तशीच राहते, मग आठवड्याने कोणती खरी ते कोणालाच सांगता येत नाही. वर्कफ्लोईत मिरर नावाची सोय आहे, तोच मुद्दा दोन जागी दिसतो आणि एकीकडे बदलला की दुसरीकडे बदलतो. लॉगसेकमध्ये ब्लॉक एम्बेड तेच काम करतो. दोन्ही नसेल तर एका ठिकाणी मुद्दा आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची नुसती लिंक.

दुसरा नियम बेरजेचा. पोटातले सगळे मुद्दे झाले की वरचा मुद्दा झाला असं म्हणता आलं पाहिजे, ना कमी ना जास्त. प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले याला हंड्रेड पर्सेंट रूल म्हणतात, आणि हे सगळं वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर म्हणजे डब्ल्यूबीएस नावाखाली येतं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६८ मध्ये त्याचं एक स्टँडर्डच काढलं होतं, विमानं आणि क्षेपणास्त्रांसारख्या अवाढव्य कामांसाठी. आपलं काम लहान असलं तरी तपासणी तीच. सगळं मिटवून फक्त दोन लेव्हल उघड्या ठेवा (ऑर्ग-मोडमध्ये शिफ्ट-टॅब दाबत राहिलं की अख्खी फाइल पायरीपायरीने उघडते-मिटते, वर्डच्या आउटलाइन व्ह्यूमध्ये शो लेव्हल आहे) आणि मोठ्याने वाचा: जागा, सेशन, सहभागी, साहित्य, हिशोब, एवढं सगळं शंभर टक्के झालं तर वर्कशॉप झालं का? मी हे वाचताना अडखळलो ते "फीडबॅक"पाशी, तो कुठेच नव्हता. मोठ्याने वाचणं बावळटपणाचं वाटेल पण डोळे जे सोडून देतात ते कानाला खटकतं, मनातल्या मनात वाचून हे होत नाही.

याच वेळी अजून दोन गोष्टी सापडतात. एखाद्या मुद्द्याच्या पोटात एकच मुद्दा असेल तर काहीतरी गडबड आहे, एकतर त्याची भावंडं विसरलीयत नाहीतर ती लेव्हल उगाच आहे, काढून टाका. आणि एक फांदी पाच लेव्हल खोल आणि शेजारची एकच लेव्हल असेल तर थांबा. माझ्या प्लॅनमध्ये कॅमेऱ्याच्या सामानाची यादी लेन्सच्या कापडापर्यंत गेली होती आणि "नोंदणी" हा एकटा शब्द होता, कारण कॅमेरा मला आवडतो आणि नोंदणीचा कंटाळा येतो. आवडीचं खोल जातं, नावडतं उथळ राहतं, आणि उथळ राहिलेलंच ऐन वेळी अंगावर येतं.

शेवटच्या मुद्द्यांबद्दल, म्हणजे ज्यांच्या पोटात काही नाही ते. वरचे मुद्दे नाम असूदेत, जागा, सेशन, सहभागी, पण शेवटचा मुद्दा क्रियापदाने संपला पाहिजे आणि तो झाला की नाही यावर वाद होता कामा नये. "हॉल" हे काम नाही, "हॉल बघणे" हेही अर्धवटच, "हॉलचं बुकिंग पक्कं करून पावती घेणे" हे काम. किती बारीक करायचं? मोठ्या प्रोजेक्टमध्ये ८/८० असा ठोकताळा वापरतात, सगळ्यात खालचं काम ८ तासांपेक्षा लहान नको आणि ८० तासांपेक्षा मोठं नको. आपल्या घरगुती आकाराच्या कामाला ते जरा जाड पडतं, मी एका बैठकीत होईल एवढं धरतो. त्याहून बारीक केलं की प्लॅन सांभाळायलाच वेळ जातो.

आता सुसंगतपणा, ज्यासाठी लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि ज्याचा फायदा सगळ्यात जास्त. आमची सहा सेशन होती, आणि पहिल्या प्लॅनमध्ये एकात लिहिलं होतं "स्लाइड", दुसऱ्यात "पीपीटी मागवणे", तिसऱ्यात काहीच नाही, त्यामुळे तिसऱ्याच्या स्लाइड विसरल्या की लागतच नाहीत हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून आधी एकच सेशन पूर्ण लिहा:

सेशन १: प्रकाश
– बोलणारा पक्का करणे
– विषयाची अर्ध्या पानाची नोट मागवणे
– स्लाइड मिळवून मशीनवर चालवून बघणे
– लागणारं सामान साहित्यात चढवणे
– पर्यायी माणूस ठरवणे

आणि मग हा अख्खा तुकडा पाच वेळा डुप्लिकेट करा, नाव बदला, बाकी शब्द, क्रम, काही बदलू नका. हे कॉपी करणं चालतं, कारण ही सहा वेगळी कामं आहेत, एकाच कामाच्या दोन नोंदी नाहीत. एखाद्या सेशनला स्लाइड लागत नसतील तर ओळ पुसू नका, "लागत नाही" लिहून टिक करा. आता कुठेही ओळ गायब दिसली तर ती विसरलेलीच आहे, दुसरं कारणच उरत नाही. ऑर्ग-मोडमध्ये तर हेडिंगच्या शेवटी [/] लिहिलं की पोटातली किती झाली ते तो स्वतः मोजून [३/५] असं दाखवतो, आणि एक सेटिंग आहे जी लावली की पोटातली कामं बाकी असताना वरचं काम झालं म्हणून टिकच करू देत नाही. हे मी चालू करून ठेवलंय, "जवळजवळ झालंच" म्हणून टिक मारायची सवय त्याने मोडली.

एक चूक फार दिसते म्हणून वेगळी सांगतो. आत असणं म्हणजे भाग असणं, नंतर असणं नाही. "हॉल बुक करणे" च्या पोटात "खुर्च्या मांडणे" टाकतात, का तर बुक झाल्यावरच खुर्च्या मांडता येतील. पण खुर्च्या मांडणं हा बुकिंगचा भाग नाही, दोन्ही जागेचे भाग आहेत, शेजारी-शेजारी. असं "नंतर"चं आत टाकत गेलात की झाडाची साखळी होते आणि दहा लेव्हल खाली काम लपून बसतं. कशानंतर काय हे सांगायचं असेल तर शेजाऱ्यांचा क्रम लावा, जास्त गुंता असेल तर #थांबलंय असा टॅग आणि कशासाठी थांबलंय ते नोटमध्ये. आणि त्याहून गुंता असेल, तारखा एकमेकांवर अवलंबून असतील, तर आउटलायनर सोडा आणि प्रोजेक्टलिब्र किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये जा, तिथे इंडेंट केलं की वरचं काम आपोआप समरी टास्क होतं, त्याच्या तारखा पोटातल्यांवरून ठरतात, आणि कशानंतर काय ते वेगळ्या रकान्यात लिहितात. फक्त तिथे ही "कशानंतर काय"ची लिंक खालच्या खऱ्या कामांना द्या, समरीला देऊ नका, नाहीतर एक तारीख हलली की नको ती कामं पुढे सरकतात आणि कारण शोधत बसावं लागतं.

काम चालू झाल्यावर नवीन कामं रोज येतात, फोनवर, मेसेजवर. ती त्या क्षणी योग्य जागी टाकायला गेलात तर घाईत चुकीच्या जागी जातात. सगळ्यात वर "आलेलं" नावाचा एक मुद्दा ठेवा, सगळं तिथे टाका, आणि दिवसातून एकदा तो रिकामा करा. रिकामा करताना एखाद्या कामाला कुठेच जागा सापडत नसेल तर त्याला "इतर" करून ढकलू नका, बहुतेक वेळा मुद्दे फोडताना काहीतरी सुटलंय हे ते काम सांगत असतं, बेरजेची तपासणी परत करा. माझ्याकडे दुसऱ्या वर्कशॉपच्या वेळी "लांबून येणाऱ्यांना रस्ता कळवणे" असंच तीन दिवस आलेलंमध्ये पडून होतं, आणि तेव्हा लक्षात आलं की सहभागींमध्ये नोंदणी झाल्यापासून ते दारात येईपर्यंतचा अख्खा टप्पाच लिहिलेला नाही.

वर्कशॉप संपलं की प्लॅन बंद करून टाकू नका. त्याची एक कॉपी करा, तारखा, नावं, टिकच्या खुणा काढून टाका, ऐन वेळी जे सुचलं ते योग्य जागी घाला, आणि तो सांगाडा जपून ठेवा. बाहेर काढताना ओपीएमएल फॉरमॅटमध्ये काढा, तो २००० सालापासून चालत आलेला आउटलाइनचा फॉरमॅट आहे, वर्कफ्लोई, डायनालिस्ट, ऑम्निआउटलायनर सगळ्यांना तो कळतो, उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी झाड शाबूत राहतं. आमचं तिसरं वर्कशॉप त्या सांगाड्यावरूनच उभं राहिलं, पहिल्या दिवशी प्लॅन लावायला पाऊण तास लागला, आणि सर्टिफिकेट आदल्या आठवड्यातच छापून आली होती.