वीस-पंचवीस मेंढ्यांची कातरणी महाग पडते? या चुका टाळा

शेतीला जोड म्हणून आमच्याकडे २४ दख्खनी मेंढ्या आहेत. शे-दोनशे मेंढरांचा वाडा असला की कातरणारे स्वतःहून येतात, दोन दिवस मुक्काम करतात आणि काम उरकून पुढच्या वाड्यावर जातात. माझ्यासारख्याला मात्र दहा फोन करावे लागतात. "किती हायेत?" असं ते विचारतात आणि आकडा ऐकला की "बघू, तिकडं आलो की येतो" म्हणतात. आले तरी त्या दिवसाचा खर्च ऐकून घरात कुणीतरी म्हणतंच, लोकर विकून एवढे पैसे तरी येतात का?

येत नाहीत, आणि हे आधीच मान्य करून टाकावं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण किलो मिळते. तीही दोन कातरणींत विभागलेली. म्हणजे २४ मेंढ्यांची एका वेळची लोकर सहा ते नऊ किलो. घोंगडीला मागणी होती तेव्हा या लोकरीला मान होता. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली, विणणारे सणगर कारागीर कमी झाले आणि भाव उतरला. लोकरीच्या पैशातून कातरणी भागेल असा हिशोब मांडणं हीच मला पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक वाटते. त्या हिशोबानं मन खट्टू होतं आणि माणूस कातरणीच टाळतो.

मीही एक वर्ष टाळली होती. पावसाळ्यात लोकर भिजली, आत ओल राहिली, कुसळं आणि गोखरू अडकून तिच्या गाठी झाल्या. त्या गाठींखाली गोचीड इतके माजले की दोन मेंढ्या खाणं सोडून दिवसभर कुंपणाला अंग घासत उभ्या राहायच्या. औषधाला गेलेले पैसे कातरणीच्या वर गेले. तेव्हापासून कातरणी मी जनावराच्या आरोग्याच्या खर्चात धरतो, जंताच्या औषधाच्या आणि लसीच्या रांगेत.

आता दराकडे येऊ. बहुतेक जण फोनवर एकच प्रश्न विचारतात, "डोई किती घेता?" आणि तिथंच फसतात. समजा दर २० रुपये डोई ठरला. २४ मेंढ्यांचे ४८० झाले. पण दोघांच्या गाडीभाड्याचे ३००, जेवण-चहाचे २००, मेंढ्या धरायला लावलेल्या माणसाची ४०० रुपये हजेरी, असं सगळं मिळून १,३८० होतात. म्हणजे मेंढीमागं साडेसत्तावन्न रुपये. आकडे तुमच्या भागातले घाला, चित्र असंच निघेल. दरात दोन रुपयांची घासाघीस केली तर वाचतात ४८ रुपये, आणि नाराज झालेला माणूस पुढच्या खेपेला येत नाही.

खर्च खरा कमी होतो तो त्याचा दिवस भरल्यावर. हातकातरीनं सराईत माणूस दिवसाला पंचवीसेक मेंढ्या करतो. दोघं आले तर पन्नास. माझ्या २४ मध्ये त्यांचा अर्धाच दिवस जातो, पण भाडं, जेवण, हजेरी पूर्ण लागते. शेजारच्या वस्तीवर २६ मेंढ्या आहेत. आम्ही एकाच जागी, एकाच दिवशी कातरणी ठेवली तर वरच्याच हिशोबानं ५० मेंढ्यांचे १,९०० होतात, म्हणजे मेंढीमागं ३८ रुपये. दर कुणी एक पैशानं उतरवला नाही, तरी माझा खर्च तिसऱ्या हिश्शानं कमी. कातरणाऱ्यालाही पन्नास डोयांची मजुरी मिळते, म्हणून तो फोनवर "बघू" न म्हणता तारीख देतो.

मात्र एकत्र कातरणी करताना कळप एकमेकांत मिसळू देऊ नका. मध्ये वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण लावा आणि एक कळप पूर्ण झाल्यावरच दुसरा घ्या. मेंढ्यांच्या अंगात पुवाच्या गाठी होण्याचा जो आजार आहे, तो कातरीनं झालेल्या जखमांतून पसरतो. अशी एक गाठ कातरीखाली फुटली की तेच पातं पुढच्या सगळ्या मेंढ्यांना लागतं. म्हणून क्रम ठरवून ठेवा: आधी तरणी जनावरं, मग मोठ्या निरोगी मेंढ्या, आणि गाठ किंवा जखम असलेलं जनावर सगळ्यांत शेवटी. पातं स्पिरिटनं पुसायला बाटली आणि फडकं आपणच जवळ ठेवावं. बाहेरून आलेल्यावर हे सोडू नये, कारण तो काल कुठल्या वाड्यावर होता हे आपल्याला ठाऊक नसतं.

दिवस चुकतो तेव्हा

कातरणारा मोकळा आहे म्हणून कातरणी ठेवायची, ही चूक मला सगळ्यांत महाग पडली. ऑक्टोबरात एकदा असाच एक माणूस स्वस्तात तयार झाला. आभाळ होतं, पण म्हटलं होईल काम. संध्याकाळी कातरणी संपली आणि रात्री परतीचा पाऊस आला. उघड्या अंगाच्या मेंढ्या गोठ्याच्या वळचणीला थरथरत उभ्या होत्या. पोती टाकली, शेकोटी केली, तरी तिसऱ्या दिवशी एक मेंढी न्यूमोनियानं गेली. ती पहिल्यांदाच गाभण होती. आजही तो दिवस आठवला की वाईट वाटतं. वाचवलेल्या शंभर रुपयांपायी जीव गेला.

तेव्हापासून थंडी सरल्यावर एक आणि पावसाचा जोर पूर्ण ओसरल्यावर, कडाका पडायच्या आत दुसरी, अशाच दोन कातरणी मी धरतो. तारखेच्या आधी हवामानाचा अंदाज बघतो. कातरल्यावर पहिला आठवडाभर रात्री आडोसा आणि रोजच्यापेक्षा थोडा जास्त चारा द्यावा, कारण अंग ऊबदार ठेवायला जनावराला जास्त खावं लागतं. विण्याला महिना-दीड महिना उरलेल्या मेंढ्या त्या दिवशी बाजूला काढा. त्यांना उलटंपालटं केलं तर गाभ पडण्याचा धोका असतो.

कातरणारा आला, पण काम पुढे सरकत नाही

हा अनुभव लहान कळपवाल्यांना नेहमीचा. माणूस दहाला येतो, मेंढ्या चरायला गेलेल्या असतात. वळवून आणेपर्यंत बारा वाजतात. आधीची तयारी नसेल तर उरलेल्या मेंढ्यांसाठी दुसरी खेप होते आणि भाडं पुन्हा द्यावं लागतं.

आदल्या संध्याकाळपासून मेंढ्या कोंडून उपाशी ठेवाव्यात. पोट भरलेलं असताना मेंढी पाठीवर पाडली किंवा बुडावर बसवली की तिचा श्वास कोंडतो, ती लाथा झाडते आणि कातर अंगाला लागते. धुवायच्या असतील तर दोन-तीन दिवस आधी धुवा आणि पूर्ण वाळू द्या. सकाळचं दव असेल तर ऊन चढेपर्यंत थांबा. ओल्या लोकरीत कातर अडकते, आणि ती लोकर पोत्यात भरली तर कुबट होऊन सडते. गोखरू आणि काटे आदल्या दिवशी हातानं काढले तर कातरणाऱ्याचा वेळ वाचतो, पात्याची धारही टिकते.

यंत्रानं कातरणारा मिळाला तर काम झपाट्यानं होतं, सराईत हाताला एक मेंढी पाच मिनिटांत जमते. पण वीज आहे का, आणि नसेल तर जनरेटरचं तेल कुणाचं, हे फोनवरच बोलून घ्या. यंत्र लोकर कापण्याऐवजी ओढायला लागलं, मेंढी अचानक जास्त धडपडू लागली किंवा पातं हाताला चटका देण्याइतकं तापलं, तर थांबवा. बोथट पातं, न दिलेलं तेल किंवा पात्यांचा चुकीचा ताण, यांपैकी काहीतरी असतं. "एवढी एक होऊ द्या" म्हणत राहिलं की चामडी सोलली जाते.

जखमा होण्याचं आणखी एक कारण आपल्याच हातात असतं. मेंढी धरणारा मदतीच्या भरात लोकर वर ओढून धरतो. लोकरीबरोबर चामडी वर येते आणि कातरीत सापडते. लोकर ओढायची नाही, चामडी ताणून सपाट धरायची. काख, जांघ, सड, एडक्याचं वृषण आणि मागच्या पायाची शीर इथं कातरणाऱ्याला सावकाश जायला सांगा. डोईवर पैसे ठरवले की हात घाईनं चालतो, हे खरं. तरीही मी डोईवरच ठरवतो, पण आधी दोन गोष्टी बोलून घेतो: "तात्या, एडक्याचे जास्तीचे देतो, पण सडाला जखम झाली तर त्या मेंढीचे पैसे नाहीत." आजवर कुणी याला नाही म्हटलेलं नाही. झालेल्या जखमेवर लगेच आयोडीन आणि माशी न बसू देणारं औषध लावा, नाहीतर चार दिवसांत किडे पडतात. धनुर्वाताच्या लसीबद्दल पशुवैद्यकांना आधीच विचारून ठेवा.

त्याच दिवशी गोचिडासाठी औषधी स्नान घालायचा मोह होतो, मेंढ्या हाताशी असतात म्हणून. ताज्या जखमांवर औषध जातं, म्हणून दहा-पंधरा दिवस थांबा. खुर साळणं, दात आणि कास तपासणं मात्र त्याच दिवशी उरकावं.

लोकरीचं शेवटी सांगतो. काम ताडपत्रीवर करा, मातीत नको. कोकरांचं जावळ वेगळं काढा, ते मऊ असतं आणि जावळाची घोंगडी आजही मागणारे आहेत. वर सांगितलेला क्रम सांभाळून पांढऱ्या मेंढ्या आधी कातरा, काळ्या नंतर, म्हणजे पांढऱ्यात काळे केस जात नाहीत. पोटाखालची मळकी, शेणानं माखलेली लोकर वेगळ्या पोत्यात. सगळं एकात कोंबलं तर घेणारा सगळ्याला मळक्या लोकरीचाच भाव लावतो. मळकं पोतं विकलं गेलं नाही तर आम्ही ते डाळिंबाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरतो. सावकाश कुजतं आणि तोवर ओल धरून ठेवतं.