आई-बाबांना अलास्काची क्रूझ करवायची आहे? आधी बर्फाचा दिवस ठरवा

सिएटलच्या आसपासच्या मराठी घरांत एप्रिल लागला की एकच विषय सुरू होतो. आई-बाबा येताहेत, अलास्काची क्रूझ करायची का, आणि केली तर कधी? मी आधी माझ्या आई-बाबांना घेऊन गेले, पुढे सासू-सासऱ्यांना. तेव्हापासून मंडळातल्या मैत्रिणी याबाबतीत मलाच फोन लावतात. पहिला प्रश्न हमखास जहाजाचा असतो: कुठलं मोठं, कुणाचा बुफे चांगला, कशावर गो-कार्ट आहेत. मी म्हणते, जहाजाचं शेवटी बघू. आधी बर्फाचा दिवस कुठला, ते बघा.

सात दिवसांच्या सहलीत एक दिवस असा असतो की जहाज कुठल्याच गावाला लागत नाही. ते आत शिरून थेट समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीपाशी जातं. आई-बाबा नाशिकला परतल्यावर वर्षभर सगळ्यांना सांगतात तो हा दिवस. म्हणून कुठलीही सहल बघताना आधी त्या दिवसासमोर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा तीनपैकी एक नाव दिसेल: ग्लेशियर बे, हबर्ड ग्लेशियर किंवा एंडिकॉट आर्म.

माझं मत विचाराल तर ग्लेशियर बे. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यामुळे गर्दी नसते. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येतात, चालत्या जहाजाच्या कडेला लावलेल्या शिडीने वर चढतात आणि दिवसभर माहिती देत राहतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा बर्फाची भिंत जवळजवळ खाडीच्या तोंडाशीच उभी होती. आज मार्जरी ग्लेशियर बघायला तिथून शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. रेंजर हे नकाशा धरून दाखवतात तेव्हा डेकवर खरंच शांतता पसरते.

मार्जरीपाशी पोचल्यावर घाई करू नका. पाण्याच्या वर सुमारे पंचाहत्तर मीटर उंच भिंत, आणि मधल्या भेगांमध्ये अगदी गडद निळा रंग. बर्फ इतका दाबला गेलेला असतो की तो लाल रंग शोषतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो. बराच वेळ काहीच घडत नाही. नुसतं कडकड वाजत राहतं. मग एखादा सुळका निसटतो, पाणी उसळतं, आणि क्षणभराने गडगडाट येतो. आधी दिसतं, मग ऐकू येतं. माझी आई कानटोपी वर सरकवून तेवढ्याचसाठी कठड्याशी उभी होती, जेवायला चल म्हटलं तरी हलेना. जहाज त्या जागी सावकाश गोल फिरतं, त्यामुळे ‘बाल्कनी डावीकडची की उजवीकडची’ या प्रश्नात फार अडकू नका. काही जहाजांवर त्या दिवशी नाकाकडचा, एरवी बंद असलेला डेक उघडतात. तिथे लवकर जाऊन उभं राहणं सगळ्यात उत्तम.

प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्या ग्लेशियर बेमध्ये जातात. कुठल्या तारखेला कुठलं जहाज आत असेल, हे उद्यानाच्या संकेतस्थळावर मिळतं. बुकिंगआधी तिथे नक्की ताडून बघा. हबर्डची भिंत तर दहाएक किलोमीटर रुंद आहे, पण तरंगता बर्फ जास्त असला की जहाजाला लांबच थांबावं लागतं. एंडिकॉट आर्म ही अरुंद खाडी आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि धबधबे. तिथेही बर्फ दाटला तर कप्तान अर्ध्यातून वळतो. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये मोठी दरड कोसळून त्सुनामी उसळली होती. त्यामुळे जुनी प्रवासवर्णनं वाचून त्या खाडीचा हट्ट धरू नका.

आता महिना. हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. आई-बाबांसोबत जायचं असेल तर मी मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य सांगेन. दक्षिणपूर्व अलास्कात हे दिवस त्यातल्या त्यात कोरडे असतात, डोंगरांवर अजून भरपूर बर्फ असतो आणि जूनमध्ये अलास्काची राजधानी जुनोला अठरा तास उजेड असतो. जेवण उरकून रात्री दहाला डेकवर आलात तरी किनारा दिसतो. तरंगत्या बर्फावर सीलच्या माद्या पिल्लांना घेऊन पहुडलेल्या असतात, त्याही याच सुमारास. मुलांच्या शाळा तेव्हा सुटलेल्या नसतात, हे मला माहीत आहे. तरी रजा काढून तुमच्यापैकी एकाने आई-बाबांना घेऊन जावं, असं मी अगदी आग्रहाने सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊब जास्त, ओढ्यांत साल्मन चढलेले, त्यांच्यामागे अस्वलं. पण दरही चढलेले. सप्टेंबर स्वस्त पडतो आणि पाऊस वाढतो. वाटेतल्या केचिकन गावाला वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस होतो. कोकणातल्या माणसाला आकड्याचं कौतुक वाटणार नाही, पण हा पाऊस चार महिन्यांत मोकळा होत नाही, बारा महिने रिपरिपतो. त्यामुळे महिना कुठलाही असो, छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट-जॅकेट घ्या. आत पातळ कपड्यांचे थर, आणि हिमनदीच्या दिवशी हातमोजे.

निघायचं कुठून? सिएटल घराजवळ, सोपं. पण सिएटलची बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात आणि तिथे जहाज हलतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराहून निघणारी जहाजं बेटाच्या आतल्या बाजूने, दोन्हीकडे झाडीचे किनारे ठेवून जातात. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. घरून तीनेक तास गाडी चालवून जाणं मला तरी परवडतं. खोली मात्र जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यांवरची घ्या.

व्हिसाचं काम सगळ्यात आधी. सिएटलहून निघालात म्हणून कॅनडाचा व्हिसा चुकत नाही. परदेशी बांधणीच्या आणि परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं असेल तर वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं, हा १८८६ चा कायदा आहे. म्हणून ही जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-बाबांना त्या काही तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो, एच-वन-बीवर असाल तर तुम्हालाही. आई-बाबा भारतात असतानाच अर्ज करून टाका, बोटांचे ठसे तिथे देणं सोपं पडतं. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही बघा. आणि विमा. अमेरिकेपुरती घेतलेली पाहुण्यांची पॉलिसी जहाजावर आणि कॅनडात चालते का, जहाजावरून हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर तो खर्च धरलाय का, हे लेखी विचारून घ्या. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल आधी स्वतःच भरावं लागतं.

जेवणाची काळजी वाटते तेवढी नको. बुकिंगच्या वेळी शाकाहारी भारतीय किंवा जैन जेवण नोंदवा आणि पहिल्याच रात्री डायनिंग हॉलमधल्या हेड वेटरला भेटा. पुढे रोज रात्री तो दुसऱ्या दिवसाचं विचारून जातो. आमच्या जहाजावर किचनमध्ये गोव्याची मंडळी होती. सासूबाई आणि त्यांच्यात कोकणी-मराठीतून गप्पा रंगल्या आणि तिसऱ्या दिवशी पानात वरण-भात आला. भडंग, खाकरे, लाडू बंद पाकिटांत न्या. चहाची केटल नेऊ नका, बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून घेतात. निरांजन आणि उदबत्तीलाही परवानगी नाही. रोजची पूजा चुकवायची नसेल तर बॅटरीवरचा दिवा घ्या. सासूबाईंनी तो आरशाखाली ठेवून सातही दिवस नेमाने पूजा केली.

गावांबद्दल थोडक्यात. जुनोला रस्त्याने जाताच येत नाही, समुद्राने किंवा विमानाने. तिथे व्हेल बघायची छोटी बोट घ्या. उन्हाळ्यात हंपबॅक व्हेल हवाईहून इथे खायला आलेले असतात. स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे चुकवू नका. सोनं शोधणाऱ्यांची झुंबड उडाली त्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली तीन फुटी रुळांची ही गाडी बत्तीसेक किलोमीटरमध्ये पावणेनऊशे मीटर चढते. चढताना डाव्या हाताला बसा, दरी त्या बाजूला आहे. माथेरानच्या गाडीत लहानपण गेलेले बाबा इथे खिडकी सोडायला तयार नव्हते. केचिकनला फार पैसे घालवू नका, क्रीक स्ट्रीटच्या लाकडी फळ्यांवरून चालत फिरा.

बक्षिशीचे माणशी रोज सोळा ते वीस डॉलर भाड्यात बहुधा धरलेले नसतात. आई-बाबांना तो आकडा बिलात दिसायच्या आत तुम्हीच आधी भरून टाका.

आणि घरात वडीलधारं कुणी नसेल, तुम्ही दोघंच असाल, तर क्रूझ सोडून अलास्का राज्य सरकारच्या फेरी-बोटीचाही विचार करा. सिएटलच्या उत्तरेला दीड तासावर बेलिंगहॅम आहे, तिथून ती केचिकनकडे निघते. खोली नको असेल तर छताखालच्या उघड्या डेकवर स्लीपिंग बॅग पसरून झोपता येतं. वाट तीच, आतल्या किनाऱ्याची. फक्त ग्लेशियर बेच्या आत ती जात नाही.