रब्बीआधी विहीर मोजा: काळ्या कातळातल्या पाण्याचा ऑक्टोबरमधला हिशोब

परतीचा पाऊस आटोपत आला की विहिरी वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या दिसतात. कठड्यावरून वाकून पाहिले की पाणी हाताशी आल्यासारखे वाटते आणि त्याच भरवशावर गव्हाचे क्षेत्र एक-दोन एकरांनी वाढते. संक्रांतीनंतर मात्र मोटर तासाभरात हवा ओढू लागते आणि ऐन दाणे भरायच्या वेळी पाणी पुरत नाही. पाऊस बरा झालेल्या वर्षीही हे होते, कारण आपल्याकडचा खडकच पाणी जपून देणारा आहे. म्हणून घटस्थापना ते दिवाळी या दिवसांत, बियाणे आणण्याच्या आधी, दोन मोजमापे करून घ्यावीत. एक विहिरीतल्या पातळीचे आणि दुसरे तिच्या भरण्याच्या वेगाचे. लागतो तो मोजपट्टीचा टेप, दोरी, एक वही आणि थोडी सवड.

आधी खडकाबद्दल. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. मग त्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. दुरडीत भाकऱ्या रचाव्यात तसे हे थर एकावर एक बसले आहेत. भाकरीला जसा वर पापुद्रा सुटतो, तसा बहुतेक थरांचा माथा वायू निसटल्यामुळे सच्छिद्र राहिला आणि खालचा भाग घट्ट झाला. पाणी राहते ते मुख्यतः या सच्छिद्र माथ्यात, वरच्या मुरमात आणि घट्ट कातळाला पडलेल्या चिरांत. तेही सगळीकडे सारखे नाही. पुष्कळ ठिकाणी ही छिद्रे पांढऱ्या गारगोटीसारख्या खनिजांनी बुजलेली असतात. तिथे खडक दिसायला जाळीदार असला तरी हाती फारसे पाणी लागत नाही.

मे महिन्यात उपसून कोरड्या केलेल्या विहिरीत उतरून पाहिले तर हा सगळा प्रकार भिंतीवर दिसतो. वर दोन-चार फूट माती, खाली पिवळट मुरूम, मग भोकाभोकांचा करडा खडक आणि त्याखाली उभ्या चिरांचा काळा पाषाण. कुठे कुठे दोन थरांमध्ये विटकरी मातीचा हातभर पट्टा असतो. झरे बहुधा या सांध्यांवरच असतात. झऱ्याखाली शेवाळाची हिरवी-काळी रेघ असते, ती उन्हाळ्यातही ओळखू येते. आता पाणी वर असल्याने हे दिसणार नाही, पण विहीर खोदली तेव्हा जे हजर होते त्यांना विचारून कोणत्या फुटाला झरा लागला ते वहीत लिहून ठेवा. पातळी त्या झऱ्याच्या खाली गेली की तो झरा तेवढ्यापुरता संपला, असे धरायचे.

या खडकात पाणी किती मावते? भूजलाचा अंदाज काढताना झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी १ ते ३ टक्के हे प्रमाण धरले जाते. १०० घनफूट ओल्या खडकातून १ ते ३ घनफूटच पाणी निथळते. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळात हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास धरतात.

हे शेतावर लावून पाहा. एक एकर रानाला एक पाळी, म्हणजे दोन इंच (सुमारे ५० मिलिमीटर) पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. दोन टक्के धरले तर एक एकराखालच्या एक फूट जाडीच्या खडकात जेमतेम २५ हजार लिटर पाणी असते. म्हणजे एक पाळी दिली की एक एकरापुरती भूजल पातळी साधारण आठ फूट उतरली. विहीर तुमच्या एका एकरातूनच पाणी ओढत नाही, शेजारच्या रानाखालूनही ओढते, म्हणून ही उतरण लगेच जाणवत नाही. शेजाऱ्याची विहीरही तेच करत असते, हेही खरे.

पावसाकडून हिशोब केला तरी चित्र फारसे बदलत नाही. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पडलेल्या पावसाच्या ६ ते ८ टक्के आणि चिरा पडलेल्या सच्छिद्र बेसाल्टमध्ये १२ ते १४ टक्के पाणी खाली मुरते, असे भूजल मोजणीचे ठोकताळे आहेत. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर मुरले साधारण ३५ ते ६५ मिलिमीटर. पाच पाळ्यांच्या गव्हाला २५० मिलिमीटर लागते. एक एकर गहू भिजवायला चार ते सात एकरांवर मुरलेले पाणी खर्ची पडते ते असे. दोन पाळ्यांचा हरभरा दीड ते तीन एकरांत भागतो. ऊस पाटपाण्यावर वर्षाला २०० सेंटिमीटरच्या वर पाणी पितो. कालव्याचा आधार नसलेल्या बेसाल्टच्या विहिरीवर तो किती लावावा याचे उत्तर ज्याचे त्याने याच रीतीने काढावे. माझे मत विचाराल तर लावूच नये.

पातळी कशी मोजायची

कठड्यावर एक जागा ठरवून ऑईल पेंटची खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. मोटर आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवून सकाळी मोजलेले बरे. टेपच्या टोकाला वजन बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडा, आलेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करा. आली ती जमिनीपासूनची पातळी. तारीख घालून लिहा. शक्य असेल तर तळापर्यंतची खोलीही एकदा मोजून ठेवा. गाळ साचून विहीर चार-पाच फुटांनी उथळ झालेली असते आणि मालकाच्या डोक्यात मात्र खोदताना मोजलेला आकडाच असतो.

आता साठा. विहिरीचा व्यास २० फूट असेल तर एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. २५ फुटी विहिरीत सुमारे १३,९०० आणि ३० फुटीत २०,००० लिटर. वीस फुटी विहिरीत ३० फूट पाणी उभे असले तरी ते पावणेतीन लाख लिटरच्या आतच भरते. एका एकराची एक पाळी आणि वर थोडे. भरलेली विहीर बघून क्षेत्र ठरवू नका म्हणतो ते यासाठी. विहिरीतले पाणी थोडेच असते, बाकीचे सगळे खडकातून येणार असते. ते किती वेगाने येते ते दुसऱ्या मोजमापातून कळते.

नेहमीइतके तास मोटर चालवून पाणी खाली न्या आणि मोटर बंद करा. लगेच पातळी मोजा, मग दर तासाला, असे तीन-चार तास. समजा २० फुटी विहीर तासाला तीन इंच चढली. म्हणजे तासाला साधारण २,२०० लिटर आले. पाणी वर चढत जाते तसा झऱ्याचा जोर कमी होतो, म्हणून दिवसाचे चोवीस तास न धरता पंधराच धरा: ३३ हजार लिटर. गव्हाच्या दोन पाळ्यांत वीस दिवसांचे अंतर धरले तर साडेसहा लाख लिटर, म्हणजे तीन एकरांपेक्षा थोडे जास्त. पण हा वेग ऑक्टोबरचा. जानेवारी-फेब्रुवारीत तो घटतो, आणि प्रत्येक विहिरीत वेगवेगळा घटतो. मागच्या वर्षांची नोंद नसेल तर निम्मा धरा आणि दीड एकरावर थांबा. उरलेल्या दीड एकरात हरभरा घ्या.

हाच हिशोब गावाच्या पातळीवर केला तर जास्त उपयोगी पडतो. हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या मांडून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद होतो आणि त्यावर पिके ठरतात. अटल भूजल योजनेतही राज्यातल्या १३ जिल्ह्यांत ग्रामपंचायतींकडून असे ताळेबंद करून घेतले गेले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते आणि ऑक्टोबरच्या पातळीची मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून टंचाईचा अंदाज देते. तुमच्या शिवाराजवळची निरीक्षण विहीर कोणती ते जिल्हा कार्यालयात विचारता येते. आपणही याच चार महिन्यांत मोजले तर दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात.

पीक आणि पाळ्या

कोरडवाहू ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी आता लांबवू नका. ज्वारीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, हलक्या जमिनीला फुले अनुराधा, भारी काळ्या रानाला फुले वसुधा. बागायती हरभऱ्याला २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर आणि वेळेवरच्या गव्हाला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही वेळ चांगली.

गव्हाला एकच पाणी देता येणार असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी द्या. दोन देता येणार असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५. इतक्यावरच भागवायचे असेल तर नेत्रावतीसारखा मर्यादित पाण्यासाठीचा वाण निवडा. हरभऱ्याला पहिले पाणी ३० ते ३५ दिवसांनी आणि दुसरे ६५ ते ७० दिवसांनी. त्याहून जास्त देण्याच्या फंदात पडू नका, भारी जमिनीत पाणी साचले की पीक उभळते, म्हणजे सुकत जाते, आणि मर रोग वाढतो.

ज्वारीत विहिरीपेक्षा कोळप्याचा, म्हणजे ओळींमधली माती हलवणाऱ्या औताचा, आधार मोठा. तीन आठवड्यांनी फटीचे, पाच आठवड्यांनी अखंड पासेचे आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळपे चालवा. काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या की ओल त्या भेगांतूनच उडते. शेवटची कोळपणी त्या बुजवण्यासाठी असते. एक कोळपणी अर्धे पाणी असे जुने शेतकरी म्हणतात, ते यामुळेच.

बोअर पाडण्याआधी

पाणी कमी पडले की पहिला विचार बोअरचा येतो. बेसाल्टमध्ये खोल गेले म्हणजे पाणी वाढते असे नाही. खाली घट्ट कातळ, मध्येच एखादा सांधा किंवा चीर. ती सापडली तर पाणी, नाही तर पावडर. लागलेले पाणीही बऱ्याचदा वरच्याच थरातले असते, आणि बोअर दोन थरांना छेदून गेले की वरच्या थरातले पाणी खाली निघून जाऊ शकते. मग आपलीच उघडी विहीर लवकर तळ गाठते. विहिरीच्या तळात उभे बोअर घेताना हे आधी भूवैज्ञानिकाला विचारा. २०१४ मध्ये अमलात आलेल्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानले आहे आणि तिच्यावर निर्बंध आहेत.

धुळे-नंदुरबारकडे जमिनीत उभ्या कातळभिंती आहेत, डोंगरात त्या कुंपणासारख्या लांबवर दिसतात. भिंत अखंड असेल तर वरच्या अंगाला पाणी अडते आणि खालच्या अंगाला रान कोरडे राहते. भिंतीला चिरा असतील तर उलट तिच्यातच पाणी सापडते. म्हणून बांधाच्या पलीकडे चांगले पाणी लागले याचा अर्थ अलीकडे लागेलच असा नाही.

वरचा सगळा हिशोब कातळाचा आहे. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात तो लागू नाही. तिथे साठा मोठा, पण पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट. तिथे पाण्याची तपासणी केल्याशिवाय ओलीत करू नये. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू देऊन स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी घ्यावे. क्षारतेचा आकडा २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे असेल तर ते पाणी नेहमीच्या पिकांना देऊ नये. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे दुखणे वेगळेच: पाणी भराभर मुरते आणि तितक्याच भराभर उताराने ओढ्यात उतरून जाते, म्हणून तिथे वाल-कुळीथ भातकाढणीनंतर लगेच, अंगओलीवरच घ्यावीत.

ओढ्याकडेही एकदा जाऊन या. पाऊस थांबल्यावर ओढ्यात जे पाणी वाहते ते आसपासच्या खडकातून झिरपून आलेले असते. ते आहे तोवर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालता येतो. गोण्या सांधमोड पद्धतीने रचा आणि वरच्या अंगाला मातीचा थापा द्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेवर पडतात की नाही ते पाहा. पडले नाहीत तर ग्रामपंचायतीत आवाज उठवायची वेळ हीच आहे, डिसेंबरात उठवून उपयोग नाही. ओढ्याचे हे पाणी सगळेच शेतात खेचू नका. काठचे उंबर, जांभूळ, करंज आणि गुरांचे पिणे त्यावरच चालते.

उन्हाळी भुईमुगाचा निर्णय मात्र आता घेऊ नका. त्याची पेरणी १५ जानेवारीनंतर असते. तेव्हा दोन्ही मोजमापे पुन्हा करा. फळबाग असेल तर मेअखेरपर्यंतचे तिचे पाणी आधी बाजूला काढा आणि उरले तरच भुईमुगाचे बियाणे आणा.