कमाई मेमध्ये, कर मार्चमध्ये: रत्नागिरीत स्वतःचा धंदा करणाऱ्याने कराचा अंदाज कसा काढावा

आपल्याकडे वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा एप्रिल-मेमध्येच येतो. आंबा, सुट्टीला आलेले चाकरमानी, गणपतीपुळ्याला निघालेले पर्यटक, सगळं तेव्हाच. आयकराचं वर्षही १ एप्रिललाच सुरू होतं, पण ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आत भरायचा आयकर, भरायची आपल्यापैकी बहुतेकांची तारीख थेट १५ मार्च. मधे पावसाळा, शाळेच्या फिया, गणपती. मार्चमध्ये हिशोबाला बसावं तर मेमधले पैसे कधीच वाटेला लागलेले असतात. म्हणून अंदाज जूनमध्ये काढायचा, पैसे खात्यात दिसत असताना.

खालचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

आधी कमाई वेगवेगळी मांडा

कोकणात एका घरात चार धंदे असतात आणि घोळ इथेच होतो. स्वतःच्या बागेतला आंबा-काजू विकून आलेलं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही. पण दुसऱ्याची फळ धरलेली बाग घेऊन नुसती काढणी करून आंबा विकलात, तर तो व्यापार. स्वतःच्याच हापूसचा डबाबंद आमरस केलात, तर कच्च्या आंब्याच्या बाजारभावाइतका भाग शेतीचा आणि वरचा नफा धंद्याचा. दलालाकडून आलेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) आणि फवारणी, खोकी, गड्यांची मजुरी यांच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. सातबाऱ्यावर काका-आत्यांसकट डझनभर नावं असतील, तर कोणाच्या वाट्याला किती आलं हेही लिहून ठेवा.

होमस्टे, खानावळ, दुकान हे धंद्यात येतं. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर आयकर कायद्याचं कलम ४४एडी वापरता येतं: रोखीने आलेल्या रकमेच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के नफा धरायचा. हा किमान आकडा आहे. हाती जास्त उरत असेल तर जास्त धरा. ६ टक्क्यांवर कर शून्य येतो म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत, पण पुढे दोन खोल्या वाढवायला कर्ज मागायला गेलं की बँक तोच रिटर्न समोर ठेवते.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर यांच्यासाठी ४४एडीए. फी ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची.

कमिशनवर काम करणारे, म्हणजे विमा एजंट वगैरे, यांना ४४एडी मिळत नाही. त्यांना प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा काढावा लागतो.

मग कर काढा

पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मात्र धंदेवाल्यांना नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा '१२ लाख ७५ हजार' हा आकडा तुमच्यासाठी नव्हे.

उदाहरण म्हणून शहरातली एक आर्किटेक्ट धरू. वर्षाची फी २८ लाख, म्हणजे उत्पन्न १४ लाख. कर २०,०००, ४०,००० आणि ३०,००० मिळून ९०,०००. त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) धरून ९३,६००. आता तिच्या नावावर बागही आहे आणि खर्च जाऊन २ लाख सुटतात. शेतीवर कर नाही हे खरं, पण इतर उत्पन्न ४ लाखांच्या वर आणि शेतीचं ५ हजारांच्या वर असलं की ती रक्कम दर ठरवताना मोजली जाते. १४ आणि २ मिळून १६ लाखांवरचा कर १,२०,०००. त्यातून ४ लाख अधिक शेतीचे २ लाख, अशा ६ लाखांवरचा कर १०,००० वजा. उरले १,१०,०००, सेससह १,१४,४००. करमुक्त म्हटलेल्या आंब्याने २०,८०० रुपये वाढवले. आपल्याकडच्या अंदाजात हमखास सुटते ती हीच पायरी.

आता आधीच कापला गेलेला टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने तुमच्या नावावर कापून भरलेला कर, वजा करा. एका बिल्डर कंपनीने ४ लाखांच्या फीवर १० टक्क्यांनी ४०,००० कापले असतील, तर भरायचे राहिले ७४,४००. होमस्टेचं बुकिंग ऑनलाइन पोर्टलवरून येत असेल तर तिथली कपातही पाहा. हे सगळं आयकर पोर्टलवरच्या फॉर्म २६एएस या उताऱ्यात दिसतं.

बाजूला ठेवा आणि भरा

उरलेली रक्कम १० हजार किंवा जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागतो. ४४एडी आणि ४४एडीएवाल्यांना १५ मार्चपर्यंत एकदाच भरला तरी चालतो. बाकीच्यांना १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलं की महिन्याला १ टक्का व्याज. साठी ओलांडलेल्यांना ॲडव्हान्स टॅक्स माफ असतो, पण धंद्याचं उत्पन्न नसेल तरच. निवृत्तीनंतर गावी होमस्टे काढलेल्या काकांना ही माफी नाही.

आकडा निघाला की तेवढ्या रकमेची मार्चमध्ये संपणारी एफडी करून टाका, म्हणजे गणपतीत हात लागणार नाही. दिवाळीनंतर आणि नाताळच्या गर्दीनंतर अंदाज पुन्हा तपासा. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वेगळा: नोंदणी असलेल्यांना वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. जूनमध्ये हिशोबाला बसलाच आहात तर तोही उरकून घ्या.

मार्चमध्ये शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. ती तारीख कधी कधी ऐन शिमग्यात येते. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला होती आणि पालखी दारात असताना ओटीपी शोधत कोण बसणार? आयकर पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' उघडून ॲडव्हान्स टॅक्स निवडा आणि वर्ष नीट पाहा. २०२५-२६ च्या कमाईसाठी करनिर्धारण वर्ष, म्हणजे कमाईनंतरचं वर्ष, २०२६-२७ लागतं. भरल्यावर चलन लगेच उतरवून घ्या.