नांदूर मध्यमेश्वर: फाल्गुन-चैत्रातलं पक्षिनिरीक्षण

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली बंधारा घातल्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा. नाशिकपासून सुमारे ४० किमी. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ती २०२० साली जाहीर झाली. बहुतेक लोक डिसेंबरात येतात, पण फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेरचा काळ जास्त शिकवणारा. स्थलांतरित पक्षी परतीच्या तयारीत असतात आणि इथले घरटी बांधायला लागलेले असतात.

निघायच्या आधी पाण्याची पातळी विचारून घ्या. चापडगावच्या स्थानिक गाइडना ती नेमकी माहीत असते. सिंचनाचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि तुतारी, शेकाट्या, मालगुजा असे चिखलपक्षी काठाशी येतात. पाणी तुडुंब असेल तर बदकं दूर मध्यावर पसरतात. अशा दिवशी स्कोप (तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण) नसेल तर निरीक्षण मनोऱ्यावर ताटकळण्यापेक्षा काठची पाणगवतं आणि बाभळी धुंडाळाव्यात.

मार्चच्या मध्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, तेव्हा सहालाच जागेवर असलेलं बरं. सकाळी पाणी तुमच्या पश्चिमेला हवं, म्हणजे ऊन पाठीवर येईल. उलटं उभं राहिलात तर समोरचं प्रत्येक बदक काळंच दिसेल. साडेनऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागते. स्कोप ६० पटीवर नेला तरी फक्त थरथरच मोठी दिसते. तेव्हा २० ते ३० पटीवरच थांबा.

दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. ती डोळ्यांना जुळवून न घेणं ही नेहमीची चूक. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी झाकून, मधलं चाक न हलवता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. ती खूण लक्षात ठेवा.

या दिवसांत पिसारा फसवतो. मालगुज्याची मान विटकरी व्हायला लागते, वंचकाची (ढोकरीची) पाठ गडद तांबूस होते, गायबगळ्यावर नारिंगी चढतो. हिवाळ्यातलं चित्र डोक्यात ठेवून बघाल तर गोंधळ ठरलेला. म्हणून आधी आकार, चोच आणि पाय, रंग शेवटी. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी बसलेल्या असताना घोटाळा होतो. उडाल्या की पंखाखाली पाहा: हिरवीचा पंख खालून काळसर, ठिपकेवालीचा फिकट.

वारकऱ्यांचा (कूट, पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी) थवा मोजायचा असेल तर पहाटेच मोजा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून एकदा फिरला की सगळे एका बाजूला गोळा होतात आणि आकडा हातचा जातो. आधी ५० नीट मोजा, तेवढा पट्टा नजरेत पकडा आणि तोच पुढे सरकवत न्या. बदकांमध्येही थापट्या, तलवार बदक, भुवई बदक वेगवेगळे लिहा. 'बदकं, पुष्कळ' या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. टिटवी आणि नदी सुरय या काळात उघड्या जमिनीवर, वाळूच्या बेटांवर अंडी घालतात. टिटवी ओरडत डोक्यावरून फिरू लागली तर घरटं जवळच असतं. आल्या पावली मागे फिरा. फोटोसाठी थांबलात तर उन्हात उघडी पडलेली अंडी खराब होतात, कावळेही टपलेलेच असतात.

दुपारी ११ ते ४ सावलीत नोंदी ई-बर्डवर (पक्षिनोंदींचं ऑनलाइन संकेतस्थळ) चढवा. माणशी तीन लिटर पाणी न्या. भडक कपडे नकोत, कॅमेऱ्याचा फ्लॅश तर नकोच. चारनंतर पूर्वेकडे तोंड करता येईल असा काठ निवडा.