कमर्शियल गाडी घेताय? डीलर निवडताना या चुका टाळा

बहुतेक लोक डीलर निवडतात ते कोटेशन बघून. चार ठिकाणांहून कोटेशन मागवायचं, ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याच्याकडे बुकिंगचे पैसे भरून मोकळं व्हायचं. घरच्या कारला हे एकवेळ चालून जातं, पण धंद्याची गाडी तीन दिवस वर्कशॉपमध्ये अडकली तर हप्ता चालू, ड्रायव्हरचा पगार चालू, आणि ज्याचा माल उचलायचा होता त्याने तोवर दुसऱ्याची गाडी लावलेली असते आणि तो परत तुमच्याकडे येईलच याची गॅरंटी कोणी देत नाही. घासाघीस करून वाचवलेले पैसे अशा एका ब्रेकडाऊनमध्ये जातात.

म्हणून शोरूम बघून डीलर ठरवू नका. सेल्सवाला गोड बोलणारच, त्याला पगारच त्याचा मिळतो. तुम्ही मागे वर्कशॉपमध्ये जा आणि सकाळी गाड्या आत घ्यायच्या वेळेला जा. केबिन पुढे कलवून ठेवलेल्या, काचेवर धुळीचा थर बसलेल्या किती गाड्या कोपऱ्यात पडल्यात ते मोजा, कारण त्या बहुतेक पार्टची वाट बघत असतात. तिथे ताटकळत बसलेल्या ड्रायव्हर लोकांना विचारा की किती दिवस झाले आणि काय सांगून थांबवलंय, त्यांना डीलरची भीड नसते त्यामुळे जे आहे ते सांगतात. मग फोरमनला गाठा. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, इंजेक्टर, युरियाचा पंप (धुरातलं प्रदूषण कमी करायला जो युरिया सोडतात त्याचा) यातलं रॅकवर काय आहे आणि ऑर्डर टाकून किती दिवसांनी काय येतं? "सगळं आहे साहेब" असं उत्तर आलं तर स्टोअर दाखवा म्हणायचं. चांगला फोरमन स्वतःच सांगतो की हे ठेवतो, ते मागवावं लागतं, आणि माझ्या मते हे एक उत्तर दहा ऑफर्सपेक्षा जास्त किमतीचं आहे. रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर कोणाला फोन करायचा, तो नंबर तिथेच घ्या आणि बुकिंगच्या आधी एकदा रात्री लावून बघा, उचलतात का ते.

पुढची चूक वजनाची. सेल्सवाला ग्रॉस वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजन, बोलतो आणि आपण ते माल किती बसेल म्हणून ऐकतो. समजा ग्रॉस 12 टन आहे, चेसी आणि केबिन मिळून 4 टन, वर बॉडी दीड टनाची, मग डिझेल, स्टेपनी, ड्रायव्हर-क्लीनर धरून हातात उरतात जेमतेम सव्वासहा टन. बॉडी जड केली की तेवढा माल कमी, सरळ हिशोब आहे. तुम्ही काय भरणार, घाट किती, येताना रिकामी येणार का, लोड मागच्या एक्सलवर जास्त येतो का, हे न विचारता जो डायरेक्ट मॉडेलचं नाव सांगतो तो बहुतेक यार्डात पडलेली गाडी खपवत असतो.

यार्डाचं निघालंच आहे तर, गाडी नवी म्हणजे आत्ता बनलेली असं समजू नका. चेसी नंबर 17 अक्षरी असतो (त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येतच नाहीत, घाईत लिहिलेल्या कागदावर 1 आणि 0 च्या जागी हीच घुसतात). तो फ्रेमवर कोरलेला, प्लेटवरचा आणि बिलावरचा असा तिन्ही ठिकाणी अक्षर न अक्षर जुळवा. मग टायरच्या बाजूला चार आकडी तारीख शोधा, 3523 असेल तर 2023 चा 35 वा आठवडा. टायर दोन वर्ष जुने आणि सेल्सवाला म्हणतो गाडी गेल्या महिन्यात आली, तर बॅटरीची तारीख आणि गाडीचं उत्पादन कधीचं तेही बघा. जुना स्टॉक घ्यायलाच नको असं नाही पण मग भाव तसा पाहिजे. आणि टार्गेट भरायला डीलरने गाडी आधीच विकलेली दाखवली असेल तर वॉरंटी तेव्हाच सुरू झालेली असू शकते, त्यामुळे वॉरंटीची तारीख डिलिव्हरीआधी लेखी घ्या.

बॉडीच्या बाबतीत "आमचा माणूस आहे, करून देतो" यावर विसंबू नका. फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडायला कंपन्यांची मनाई असते, तिथूनच तडा जातो. वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढल्या नाहीत तर इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, उडू शकतो. नंतर वॉरंटीला गेलं की डीलर म्हणतो बॉडीवाल्याने केलं, बॉडीवाला म्हणतो गाडीतच होतं. बॉडीची जबाबदारी कोणाची ते बिलावरच लिहून घ्या आणि ताबा घेताना स्वतः खाली वाकून फ्रेम बघा.

लोनमध्ये आधी हे बघा, व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर) सांगतात की घटत्या बाकीवर. चार वर्षांच्या मासिक हप्त्यांना 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवर साडेसतराच्या आसपास पडतं. प्रोसेसिंग, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळ्या ओळीत मागा.

जुनी गाडी घेत असाल तर किलोमीटर काट्यावर जाऊ नका, तो फिरवता येतो. स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) लावून इंजिन एकूण किती तास चाललंय ते काढायला सांगा. काट्यावर 1,80,000 किमी आणि इंजिन 12,000 तास चाललेलं असेल तर सरासरी ताशी 15 किमी झाली. गावात थांबत थांबत डिलिव्हरी करणाऱ्या गाडीला हे पटेल, पण डीलर म्हणत असेल की लांब रूटची हायवेची गाडी आहे तर एक तर काटा मागे घेतलाय नाहीतर रूट खोटा सांगतोय. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय तेही बघा. युरियाची सिस्टीम बायपास केलेली नाही ना हे पण त्याच स्कॅनरवर तपासा, परत बसवायचा खर्च तुमच्या डोक्यावर येतो. स्कॅनर लावायला का कू करणाऱ्याकडे दुसरी गाडी पण बघू नका.

आता ज्यांनी गाडी घेतलीच आहे आणि डीलर उद्या या, परवा या करतोय त्यांच्यासाठी. तोंडी तक्रार करणं आधी बंद करा. प्रत्येक वेळी जॉब कार्ड (वर्कशॉपमध्ये गाडी घेताना कामाची नोंद करतात तो कागद) बनवून घ्या, त्यावर प्रॉब्लेम तुमच्या शब्दांत लिहायला लावा, "जनरल चेकअप" असं लिहिलेलं असेल तर सही करू नका, आणि गाडी आत गेल्याची व बाहेर आल्याची तारीख-वेळ टाकून घ्या. तोच फॉल्ट परत आला की सगळ्या जॉब कार्डांचे फोटो, स्कॅनरवर दिसलेले फॉल्ट कोड (बिघाडाचे नंबर) आणि किमी रीडिंग एका मेलमध्ये टाकून थेट गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाला पाठवा, कॉपी डीलरला. यादरम्यान ठरलेली सर्व्हिस चुकवू नका आणि ऑइल-फिल्टरची बिलं जपून ठेवा, नाहीतर कंपनी पहिलं बोट तिकडेच दाखवते. दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पण वॉरंटीचं काम होतं, विकलेल्या डीलरकडेच गेलं पाहिजे असं सहसा नसतं, वॉरंटी बुकात एकदा वाचून खात्री करा आणि गाडी तिकडे लावा.